प्रकाशात दिसणारा अल्झायमर: नाशिकच्या घराघरांतून येणारे प्रश्न

पस्तीस वर्षं मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टिश्यू कापण्याचं आणि रंगवण्याचं काम केलं. नंतर माझ्याच आईला अल्झायमर झाला. आता आम्ही काही घरची माणसं महिन्यातून एकदा गंगापूर रोडला एका खोलीत जमतो. कोणी आईला सांभाळतंय, कोणी नवऱ्याला. तिथे प्रश्न येतात ते फक्त औषधांचे नसतात. मोबाइलवर कोणीतरी मेंदूचा चमकता हिरवा फोटो पाठवतं आणि विचारतं, "ताई, हे माझ्या बाबांचं पण काढता येईल का?" त्या फोटोंत खरं काय दिसतं, ते कोणाच्या मेंदूचे असतात आणि आपल्या माणसाच्या तपासणीशी त्यांचा काय संबंध, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. लॅब टेक्निशियनचा अभ्यास करणारी मुलंही आमच्याकडे येतात, म्हणून काही ठिकाणी थोडं खोलात गेले आहे.

ऑप्टिकल इमेजिंग म्हणजे काय? एमआरआय त्यातच येतो का?

नाही. ऑप्टिकल म्हणजे प्रकाशाने बघणं. त्यात डोळ्यांना दिसणारा प्रकाश आला आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे अतिनील आणि अवरक्त किरणही आले. साधा मायक्रोस्कोप हे त्याचं सगळ्यात जुनं रूप. एमआरआय चुंबक आणि रेडिओलहरींवर चालतो, सीटी स्कॅन क्ष-किरणांवर, आणि पेट स्कॅनमध्ये शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी औषधातून निघणारे गॅमा किरण पकडतात. तीन्ही उपयोगाचे आहेत, पण त्यांना पेशी दिसत नाही. एकेक पेशी, तिच्यातला धाग्यांचा गुंता लॅबच्या रोजच्या कामात बघायचा तर प्रकाशच लागतो.

अल्झायमरच्या मेंदूत बघायचं तरी काय असतं?

दोन गोष्टी. चेतापेशींच्या बाहेर, मधल्या जागेत अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, त्यांना प्लाक म्हणतात. आणि चेतापेशींच्या आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे धागे पीळ पडून गुंततात, त्यांना टँगल म्हणतात. प्लाक दहा मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शंभरेक मायक्रॉनपर्यंतचा असतो, म्हणजे मोठा प्लाक आपल्या केसाच्या जाडीएवढा. नुसत्या डोळ्यांनी मेंदू पाहिला तर तो आकसलेला दिसतो, वळ्यांमधल्या फटी रुंदावलेल्या दिसतात, पण प्लाक किंवा टँगल दिसत नाही.

हे पहिल्यांदा कोणी पाहिलं?

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. ती १९०६ साली गेली, आणि अल्झायमरांनी तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले. चांदी टँगलवर आणि प्लाकवर काळी बसते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत ते मांडलं. १९१० साली मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. ऑगस्टबाईंच्या मेंदूच्या त्या मूळ स्लाइडी नव्वदच्या दशकात म्युनिकमध्ये सापडल्या आणि आजच्या तज्ज्ञांनी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवून पाहिल्या. नव्वद वर्षांनंतरही काचेवर तेच दिसत होतं. नीट केलेली स्लाइड किती टिकते, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगत असे.

मेंदूचा तुकडा काचेपर्यंत पोचतो कसा?

हे माझ्या हातचं काम, म्हणून जरा सविस्तर सांगते. मृत्यूनंतर काढलेला मेंदू ताज्या ताकाच्या लोण्यासारखा मऊ असतो, कापायला गेलं तर फाटतो. तो फॉर्मॅलिनमध्ये साधारण दोन आठवडे ठेवतात, मग तो घट्ट होतो. त्यातले ठरावीक भागांचे छोटे तुकडे घेतात. स्मरणशक्तीचा हिप्पोकॅम्पस त्यात हवाच. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि वितळलेलं पॅराफिन आत मुरवायचं. गार झालं की मेणाचा ब्लॉक तयार. तो मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, चढवून चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप, म्हणजे सेक्शन काढायचे. एक सेंटिमीटरच्या ब्लॉकमधून असे दोन हजार सेक्शन निघू शकतात. सेक्शन पात्यावरून निघतो तेव्हा त्याची फीत होते, ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात, आणि खालून काच घालून अलगद उचलायची. तेव्हा श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर फीत उडते.

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनमध्ये, म्हणजे रंगात, प्लाक फिकट दिसतो, सहज निसटतो. म्हणून चांदी वापरतात, खास रंग वापरतात, किंवा अमायलॉइडला आणि टाऊला नेमकं चिकटणारी अँटिबॉडी वापरतात. अँटिबॉडी जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो.

काँगो रेडबद्दल खूप ऐकलं. त्यात विशेष काय?

काँगो रेड हा मुळात कापड रंगवायचा रंग, १८८४ सालचा. अमायलॉइडवर तो बसतो हे १९२०च्या दशकात कळलं, आणि मेंदूतले प्लाक अमायलॉइडचे आहेत हे १९२७ साली बेल्जियमच्या डिव्हरी यांनी त्यानेच दाखवलं.

त्यातली खरी गंमत रंगात नाही, ध्रुवित म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात आहे. उन्हाचे पोलरॉइड गॉगल दोन घ्या, एकावर एक धरा आणि एक हळूहळू फिरवा. काटकोन झाला की पलीकडचं सगळं काळं होतं. मायक्रोस्कोपमध्ये स्लाइडच्या खाली आणि वर अशा दोन काचा बसवलेल्या असतात. फिरवून अंधार केला की साधा टिश्यू काळा पडतो, पण अमायलॉइडमधले धागे एकाच दिशेने रांगेत असल्यामुळे आणि रंगाचे कण त्यांच्या बाजूने लागल्यामुळे ते प्रकाशाला वळवतात. मग त्या अंधारात कच्च्या सफरचंदासारखा हिरवा रंग उजळतो. आमच्याकडे हे बहुतेक वेळा किडनीच्या बायोप्सीत बघायला मिळे. मेंदूची स्लाइड एकदाच, डॉक्टरांनी शिकवायच्या पेटीतून काढून दाखवली. फिकट गुलाबी डाग होता, काच फिरवली आणि अंधारात हिरवी फुली उजळली. ते दिसलं तेव्हा आई घरी धडधाकट होती, लोणचं घालत होती.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. एकदा मी काँगो रेडसाठी सवयीने चार मायक्रॉनचा सेक्शन काढला. डॉक्टरांना हिरवं काहीच दिसलं नाही, रिपोर्ट "नाही" असा जाणार होता. त्यांना संशय आला म्हणून पुन्हा कापायला सांगितलं. आठ-दहा मायक्रॉनचा काढला तेव्हा हिरवं स्पष्ट आलं. या स्टेनला जाडी लागते. आणि पांढुरका चमकणारा कोलॅजन, म्हणजे टिश्यूतले नेहमीचे तंतू, हे अमायलॉइड नव्हे. शेजारी कंट्रोल स्लाइड, म्हणजे अमायलॉइड नक्की आहे असं माहीत असलेली स्लाइड, ठेवल्याशिवाय निकाल देऊ नका.

मोबाइलवरचे ते चमकणारे हिरवे-निळे फोटो कसे येतात?

त्याला फ्लुओरेसन्स म्हणतात, आणि नाशिककरांना तो समजवायला लांब जायला नको. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापलेली नोट अतिनील दिव्याखाली धरा. आकड्यांची शाई चमकते, कागदात पेरलेले बारीक तंतू चमकतात. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आत गेला, दिसणारा प्रकाश बाहेर आला. मेंदूच्या कापावर थायोफ्लेविन नावाचा रंग टाकला की प्लाक असेच चमकतात. निळा प्रकाश आत जातो, जास्त लांब लहरीचा हिरवट प्रकाश बाहेर येतो.

पण रंग सगळीकडे पसरलेला असताना प्लाकच का चमकतो? थायोफ्लेविनचा कण पाण्यात मोकळा असला की स्वतःभोवती पीळ घेत राहतो, मिळालेली ऊर्जा त्यातच संपते. अमायलॉइडचं प्रथिन साडीच्या निऱ्यांसारखं घड्या घालून रचलेलं असतं, त्या घड्यांच्या खाचेत कण अडकला की त्याला पीळ घेता येत नाही. मांडीवर घट्ट धरलेलं पोर जसं हातपाय हलवता आले नाहीत की भोकाड पसरतं, तशी ती अडलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. म्हाताऱ्या चेतापेशींत लिपोफ्युसिन नावाचा पिवळट कचरा साचतो आणि तो कुठल्याही रंगाशिवाय आपोआप चमकतो. निरोगी माणसाच्या मेंदूतही. त्यामुळे नुसती चमक दिसली म्हणजे प्लाक असं होत नाही.

हळद अमायलॉइडला चिकटते हे खरं का? मग हळदीचं दूध दिलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. हळदीतला करक्युमिन प्लाकला चिकटतो आणि चमकतो. घरी बघायचं असेल तर चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या आणि नोट तपासायचा अतिनील दिवा वरून धरा. पिवळं पाणी हिरवट उजळतं. अमेरिकेत काही संशोधकांनी रुग्णांना करक्युमिन देऊन डोळ्याच्या पडद्यावर चमकणारे ठिपके शोधायचा प्रयत्नही केला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. खाल्लेल्या करक्युमिनचा फारच थोडा भाग रक्तात पोचतो, आणि रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत त्याने आजार थांबला असं दिसलेलं नाही. हळदीचं दूध आवडीने द्या, औषध म्हणून नको.

जिवंत माणसाच्या डोक्यावर प्रकाश टाकून प्लाक बघता येत नाहीत का?

आज नाही. पावसाळ्यात कसारा घाट धुक्यात चढला असाल तर कारण तुम्हाला ठाऊक आहे. हेडलाइट प्रखर केला की रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंत दिसते, कारण थेंबाथेंबावर प्रकाश विखुरतो. मेंदूतली चरबी आणि पेशींची आवरणं प्रकाशाला तसंच विखुरतात, वर रक्त तो शोषून घेतं. मायक्रोस्कोपला लागतो तसा सरळ प्रकाश मिलिमीटरच्या अंशातच भरकटतो, आणि डोक्याची कातडी व कवटी मिळूनच सेंटिमीटरभर जाडी होते.

साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर लहरलांबीचा लाल-अवरक्त प्रकाश थोडा खोल जातो. त्यावर चालणारी डोक्याला लावायची यंत्रं आहेत, ती मेंदूच्या वरच्या थरातल्या रक्तातला ऑक्सिजन मोजतात. प्लाक दाखवत नाहीत. जिवंत माणसातले प्लाक बघायचे तर पेट स्कॅन, आणि त्यातला पहिला यशस्वी पदार्थ पिट्सबर्ग बी हा थायोफ्लेविनच्याच रेणूत फेरफार करून बनवलेला. म्हणजे काचेवरच्या रंगाचीच ती लेक.

मग "जिवंत मेंदूत प्लाक तयार होताना पाहिला" अशी बातमी कशी येते?

ती उंदरांची असते. बातमीत ते तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलं असतं. उंदरांना आपोआप अल्झायमर होत नाही, माणसाचा दोष असलेला जीन त्यांच्यात घातलेला असतो. कवटीत काचेची छोटी खिडकी बसवतात आणि दोन फोटॉनांच्या मायक्रोस्कोपने आत बघतात. त्यात अवरक्त प्रकाशाचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच क्षणी एकाच जागी पोचले तरच चमक होते, म्हणून आजूबाजूचा गोंधळ कमी होतो आणि अर्ध्या मिलिमीटरहून खोल दिसतं. मारिया गोपर्ट-मायर यांनी हे १९३१ साली कागदावर मांडलं होतं, मायक्रोस्कोप १९९० साली झाला.

या खिडकीतून कळलेली एक गोष्ट मला अजून थक्क करते. २००८ साली बोस्टनच्या संशोधकांनी त्याच जागेचे रोज फोटो घेतले, तर काल रिकाम्या असलेल्या जागी आज प्लाक होता. चोवीस तासांत. एक-दोन दिवसांत मेंदूतल्या सफाईच्या पेशी त्याच्याभोवती जमल्या आणि शेजारचे चेतातंतू वाकडे व्हायला लागले. मेलेल्या टिश्यूत शंभर वर्षं बघूनही हे कळलं नसतं.

टिश्यू पारदर्शक करतात म्हणे?

हो. भजी ठेवलेला कागद आठवा, तेल मुरलं तिथे कागदाच्या आरपार दिसतं. कागद तोच असतो, पण तंतूंमधली हवा जाऊन तिथे तंतूंसारखंच प्रकाश वळवणारं तेल भरतं आणि विखुरणं थांबतं. मेंदूच्या तुकड्यातली चरबी काढून तिथे योग्य द्रव भरला की तो काचेसारखा होतो. २०१३ साली स्टॅनफर्डच्या क्लॅरिटी पद्धतीने हे गाजलं. सेक्शन न कापता प्लाक रक्तवाहिनीला कसा लपेटून आहे हे तिन्ही बाजूंनी बघता येतं. अर्थात हेही मृत्यूनंतरच्याच टिश्यूवर.

रंग न लावता बघायची काही सोय?

आहे, आणि तिच्यामागे आपला माणूस आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना दिसलं की पदार्थावर पडलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग, साधारण कोटीत एखादा कण, रंग किंचित बदलून परततो, आणि तो बदल त्या पदार्थातल्या अणूंमधल्या बंधांची खूण असतो. मेंदूच्या कापावर लेझर टाकून परतलेला प्रकाश तपासला की निऱ्यांसारखं घडी पडलेलं प्रथिन आणि साधं, मळसूत्री प्रथिन यांच्या खुणा वेगळ्या येतात. रंग नाही, अँटिबॉडी नाही. सिग्नल फार क्षीण असल्याने वेळ लागतो, म्हणून हे अजून संशोधनशाळेतच आहे.

डोळ्यांच्या ओसीटीवरून अल्झायमर कळतो का? नाशिकमध्ये ओसीटी तर बऱ्याच ठिकाणी आहे.

ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने दाखवणारी तपासणी. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, आणि तिथे कवटी आड येत नाही. त्यामुळे कल्पना रास्त आहे. अल्झायमरच्या रुग्णांत पडद्यावरचा चेतातंतूंचा थर सरासरीने पातळ सापडतो. पण काचबिंदूतही तो पातळ होतो, वयानेही होतो. एका माणसाच्या ओसीटीवरून निदान होत नाही. कोणी तसं सांगून पैसे घेत असेल तर उठून या.

प्लाक दिसले म्हणजे त्या माणसाला विसर पडत होताच, असं ना?

नाही. शेवटपर्यंत हिशेब चोख ठेवणाऱ्या, नातवंडांची नावं न चुकणाऱ्या कित्येक वृद्धांच्या मेंदूत मृत्यूनंतर भरपूर प्लाक सापडले आहेत. टँगलचा पसरलेला भाग आणि विसर यांचं नातं जास्त जवळचं आहे. टँगल कुठून सुरू होऊन कुठे पसरतात याच्या सहा पायऱ्या हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ साली सांगितल्या, त्या आजही वापरतात. शिवाय म्हातारपणी एकाच मेंदूत अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा आजार दोन्ही असणं नेहमीचं आहे.

आता हे सगळं कॉम्प्युटर बघतो का?

बघायला लागलाय. पंधरा मिलिमीटर बाजूचा चौरस सेक्शन पाव मायक्रॉनच्या बारकाईने स्कॅन केला तर ३६० कोटी बिंदूंचं चित्र होतं. त्यातले प्लाक मोजायला माणसाला दिवस लागतील, प्रोग्रॅम भराभर मोजतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासने २०२४ साली गर्भातल्या मेंदूचे ५१३२ काप असे स्कॅन करून 'धरणी' नावाचा त्रिमितीय नकाशा खुला केला. पण सेक्शनला घडी पडली असेल, स्टेन गडद बसला असेल, तर प्रोग्रॅम त्यालाही प्लाक म्हणतो. सुरुवात अजून मायक्रोटोमवरच्या हातापासूनच होते.

प्रकाशाने उपचार होतो का? टोपी विकत मिळते.

२०१६ साली एमआयटीत उंदरांसमोर सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा दिवा ठेवला तेव्हा त्यांच्या मेंदूच्या दृष्टिभागातलं अमायलॉइड कमी झालं. नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेला उंदरांत ते तसं दिसलं नाही. माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत.

आईच्या आजारपणाच्या तिसऱ्या वर्षी एका विक्रेत्याने घरी येऊन आम्हाला लाल दिव्यांची टोपी विकली. सोबत मेंदूचे दोन फोटो, "आधी" आणि "नंतर". मी ते फोटो जवळ घेऊन पाहिले तेव्हा पैसे देऊन झाले होते. ते उंदराच्या मेंदूचे काप होते, हिप्पोकॅम्पसचा आकार मी ओळखते. आई ती टोपी काढून फेकायची आणि रडायची. ज्याने आयुष्यभर काप पाहिले त्याच्या घरीही हे घडतं, म्हणून कोणी फसलं तर त्याला बोल लावू नका.

मग माझ्या बाबांसाठी आज काय करू?

न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. ते स्मरणशक्तीची प्रश्नावली घेतील, एमआरआय सांगतील, रक्तात बी१२ आणि थायरॉइड बघतील. या दोन्हींच्या कमतरतेने येणारा विसर उपचाराने सुधारू शकतो, म्हणून ते टाळू नका. रक्तातल्या पी-टाऊ २१७ची, म्हणजे टाऊ प्रथिनाच्या एका रूपाची चाचणी आता आली आहे, ती डॉक्टर म्हणतील तेव्हाच करा. भारतात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तुम्ही एकटे नाही, आणि लाजण्यासारखं यात काही नाही.

मेंदूदान करता येतं का?

येतं. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५पासून मेंदूपेढी आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला केलेलं देहदान वेगळं, ते विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी असतं. मेंदू संशोधनाला द्यायचा तर तो मृत्यूनंतर काही तासांतच काढून फॉर्मॅलिनमध्ये किंवा अतिथंड ठेवावा लागतो, आणि बंगळूर नाशिकहून हजारएक किलोमीटर. म्हणून माणूस चालता-बोलता असतानाच पेढीशी आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून, काय शक्य आहे ते आधी ठरवून ठेवावं लागतं. रुग्णाचे जुने रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म आणि विसर कधीपासून, कसा वाढत गेला याची वही, हे सगळं मेंदूइतकंच महत्त्वाचं. नुसत्या कापाला त्याशिवाय अर्थ लागत नाही.

आईचे डोळे आम्ही दिले. मेंदूचं सुचलं तेव्हा पहाट झाली होती आणि अमरधामला निघायची वेळ होती. ती वही मात्र माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "आज लोणच्यात मीठ दोनदा घातलं." कोणाला वही कशी ठेवायची ते बघायचं असेल तर पुढच्या बैठकीला या, मी घेऊन येते.